आबांच्या वहीतली डुक्कर फियाट

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वडील, आबा, १९६७ ते २००४ कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज चालवत होते. गॅरेजला आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ते स्वतःच्या हातानं जाड वह्यांत करायचे. चासी नंबरची पेन्सिल छाप घेऊन पानावर डकवायचे, खाली काय केलं, कुणी आणली, किती दिले, किती येणे. अशा ३१ वह्या आहेत. आबा २०११ मध्ये गेले. वह्या माझ्याकडे आहेत. मी निवृत्त शिक्षिका. भाच्यानं काही पानांचे फोटो काढून जुन्या गाड्यांच्या शौकिनांना दाखवले, तेव्हापासून मला फोन येऊ लागले.

गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलाचा फोन आला. तो १९५६ ची डुक्कर फियाट साडेसहा लाखांना घेतोय. गाडीत आबांच्या गॅरेजचा पत्र्याचा बिल्ला सापडला, म्हणून त्यानं मला शोधून काढलं. त्यानं चासी नंबर पाठवला आणि सरळ विचारलं, "काकू, ही गाडी कधी ठोकली होती का? इंजिन मूळचंच आहे का? एजंट म्हणतो एकाच घरातली, ओरखडासुद्धा नाही."

मी वही काढली. नोव्हेंबर १९८३ च्या पानावर आबांनी लिहिलंय: "आंबा घाट. पुढून कठड्यास. क्रॉसमेंबर व पुढची डावी बाजू कापून दुसऱ्या गाडीची जोडली. चि. चालवत होते, वय १७, लायसन नाही. दादासाहेब परगावी, परत येण्याआधी गाडी देणे. त्यांस कळू नये, तसा शब्द दिला. बिल ४२००. मामांनी २७०० दिले, १५०० येणे." खाली मार्च १९८८: "इंजिन बदलले. मुंबईच्या टॅक्सीचे."

ते 'चि.' आज आमच्या भागातले नावाजलेले डॉक्टर आहेत. गाडी तेच विकतायत. दादासाहेब जाऊन वीस वर्षं झाली. मधल्या एजंटाला कुठून तरी कळलं, त्याचाही फोन आला: "ताई, ते पान मिटून ठेवा, तुमचे पाच हजार पोचते करतो." पैसे मी घेतले नाहीत. पण आबांनी शब्द दिला होता. तो मी मोडू का? आणि नाही मोडला, तर त्या मुलाला काय सांगू?

उत्तर

ताई, आज संध्याकाळीच त्या मुलाला फोन करा आणि एवढंच सांगा: "आठ दिवस थांब, विसार देऊ नकोस. मी वही बघून सांगते." बाकीचं सगळं त्या आठ दिवसांत नीट करता येईल. पैसे एकदा गेले की मात्र तुमच्या खरं बोलण्याचा त्याला काही उपयोग उरणार नाही, फक्त त्रास होईल.

आता शब्दाचं बघू, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. आबांनी काय लिहिलं ते पुन्हा वाचा. "त्यांस कळू नये." त्यांस म्हणजे दादासाहेबांना. सतरा वर्षांच्या एका घाबरलेल्या पोरानं वडिलांची गाडी घाटात नेऊन आपटली, मामा मध्ये पडले, आणि आबांनी त्या पोराला बापाच्या रागापासून वाचवलं. शब्द तेवढ्यापुरता होता. चाळीस वर्षांनी ही गाडी कुणी अनोळखी माणूस विकत घेईल, त्याच्यापासून वेल्डिंग लपवीन, असं आबांनी कुणाला कबूल केलेलं नाही. तसं असतं तर त्यांनी ते लिहूनच ठेवलं नसतं. ज्याला पुरावा नको असतो तो छाप डकवून, तारीख घालून, कुठून कुठपर्यंत कापलं ते लिहीत बसत नाही. ज्यांना कळू नये होतं ते गेले. आबांनी आपला शब्द पुरता पाळला आहे.

तरीही ते पान जसंच्या तसं फोटो काढून पुण्याला पाठवायचं नाही.

त्या एका पानावर दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक लोखंडाची: काय कापलं, काय जोडलं, कोणतं इंजिन बसवलं. दुसरी माणसांची: कोण चालवत होतं, वय किती, लायसन नव्हतं, मामांनी पैसे दिले, दीड हजार राहिले. लोखंडाची गोष्ट गाडीबरोबर जाते, कारण जो त्या गाडीत बसेल त्याचा जीव तिच्यावर आहे. माणसांची गोष्ट गाडीबरोबर विकली जात नाही. डॉक्टरांनी साडेसहा लाखांत फियाट विकायला काढलीय, आपलं सतरावं वर्ष नव्हे.

मी २७ वर्षं विमा कंपन्यांसाठी मोटार सर्व्हेअर म्हणून काम केलं. ठोकलेल्या गाड्या बघणं हाच धंदा. मिस्त्रीला आणि सर्व्हेअरला घरांचं किती कळतं, हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. गाडी रात्री दोनला कुठल्या गावाजवळ होती, शेजारी कोण बसलं होतं, कुणाच्या दवाखान्याच्या खर्चासाठी घाईनं गाडी काढायची आहे. हे असं खरेदीदाराच्या कानावर गेलं की तो भाव पाडतो. "घरात अडचण आहे म्हणे" एवढ्या वाक्यावर पन्नास हजार तुटलेले मी पाहिलेत. जुन्या नोंदी देण्याचा खरा धोका इथे आहे. तांत्रिक माहितीनं विकणाऱ्याचं जे नुकसान होतं ते रास्त आहे, कारण ती किंमत मुळात त्या गाडीची नव्हतीच. घरगुती माहितीनं जे होतं ते नुसतं लुबाडणं आहे.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत ही पद्धत चांगली बसलेली आहे. इंग्लंडात गेडनच्या मोटार संग्रहालयातून एमजी, ऑस्टिन, मॉरिस यांसारख्या गाड्यांचा दाखला मिळतो. तो कारखान्याच्या खातेवह्यांवरून काढतात: गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, रंग कोणता, इंजिन नंबर काय, कुठे रवाना झाली. दाखला गाडीचा असतो. आपल्याकडेही सरकारी वाहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख दिसते आणि मालकाच्या नावातली बरीचशी अक्षरं झाकलेली असतात. तुम्हाला वहीच्या बाबतीत हेच करायचं आहे.

आता लोखंडाची गोष्ट का सांगायलाच हवी, ते या गाडीपुरतं सांगतो.

डुक्कर फियाट म्हणजे प्रीमियरनं कुर्ल्याला बांधलेली सुरुवातीची फियाट ११००, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. जीपला किंवा हेराल्ड या जुन्या मोटारीला खाली वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टनं बसवलेली असते. या फियाटला तशी वेगळी चासी नाही. पत्र्याचं कवच हाच सांगाडा. पुढची चाकं, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सगळं त्या पुढच्या भागाला आणि क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळईला, धरून असतं. तो भाग कापून दुसऱ्या गाडीचा जोडला, म्हणजे मडगार्ड बदलण्यासारखं काम नव्हे, गाडीचा कणा जोडण्यासारखं काम. आबांनी ते चुकीचं केलं असं मी अजिबात म्हणत नाही. १९८३ मध्ये सत्तावीस वर्षं जुन्या गाडीचा नवा क्रॉसमेंबर कुठून मिळणार होता? मोडीतल्या गाडीचा पुढचा भाग आणून जोडणं हीच तेव्हाची रीत होती, आणि चांगले कारागीर ते उत्तम करत. तुमच्या पत्रात एक न लिहिलेली भीती मला दिसली, की हे बाहेर आलं तर आबांच्या नावाला बट्टा लागेल. नाही लागणार. ते काम चाळीस वर्षं टिकलंय आणि ते करणाऱ्यानं लिहून ठेवलंय.

पण ते काम चांगलं आहे म्हणूनच अडचण आहे. सफाईनं जोडलेलं, वर पुट्टी, त्यावर दोन-तीनदा रंग आणि खाली काळं अंडरकोट. पुण्याचा मुलगा एखादा मिस्त्री घेऊन गेला तरी वरवर बघून त्याला हे दिसणार नाही. आबांचा हात चांगला होता म्हणून वहीशिवाय ते कुणाला सापडणार नाही, आणि ही वही आज फक्त तुमच्याकडे आहे. आतून ती जोड चाळीस पावसाळे खाऊन कशी झाली असेल, हे गाडी उचलल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून "तपासून घे हो" एवढंच म्हणून बाजूला होऊ नका. कुठे बघायचं ते सांगितलं नाही, तर तो सल्ला नुसता बोलण्यापुरता राहतो.

दुसरं कारण कागदाचं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडीचं कवच किंवा इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा. समिती गाडी बघून ठरवते. इतका खर्च करून १९५६ ची गाडी घेणारा मुलगा आज ना उद्या त्या नोंदणीच्या मागे लागणारच. एजंटाच्या भरवशावर तो "मूळ रूपात आहे" असं लिहून देईल, आणि खोटं बोलणारा म्हणून नाव त्याचं लागेल.

इंजिनाचंही तेच. टॅक्सीचं इंजिन बसवणं ही त्या काळी रोजची गोष्ट होती. ११०० ची जातकुळी पद्मिनीपर्यंत चालली, १०८९ सीसीचं इंजिन मुंबईत हवं तेवढं मिळायचं. त्यात काही पाप नाही. पण आरसी बुकात १९८८ नंतर नंबर बदलून घेतला का, हे त्याला कळायला हवं. त्यानं आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे तिथल्या नोंदवहीतला गाडीचा उतारा, काढावा आणि इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर स्वतः टॉर्च लावून ताडून बघावा.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, कारण या प्रश्नावर माझं मत तिथे पक्कं झालं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एक हेराल्ड घेतली. ज्या गॅरेजात ती वर्षानुवर्षं जायची, तिथल्या मिस्त्रीला जाऊन भेटलो. त्यानं चहा पाजला, "गाडी झकास आहे" म्हणाला. तीन महिन्यांनी खंबाटकी घाट उतरताना मागून गाडी एका बाजूला ओढायला लागली. मागे माझी दोन्ही मुलं बसलेली. कशीबशी कडेला घेतली. खाली वाकून पाहिलं तर मागच्या बाजूची चासी गंजून पोकळ झालेली, आणि त्या पोकळीवर बाहेरून पत्र्याची पट्टी मारून रंग दिलेला. पट्टी त्याच मिस्त्रीनं मारली होती. मी जाब विचारला तर म्हणाला, "साहेब, तुम्ही चासीचं विचारलं नाहीत." त्या घाटात मुलीनं मागून माझ्या शर्टाची कॉलर घट्ट धरली होती, ती पकड मला अजून आठवते.

तुमच्याकडे त्या मुलानं विचारलंय, ताई. नेमकं विचारलंय. १८७२ च्या करार कायद्यात, १७ व्या कलमाखाली घोड्याचं एक उदाहरण दिलेलं आहे. विकणाऱ्याला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे, पण तो गप्प राहतो. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही, असं कायदा म्हणतो. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन," आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. तुम्ही या व्यवहारात विकणाऱ्या नाही, हे कलम तुम्हाला लागू नाही. पण तो मुलगा तुमच्या उत्तराची वाट बघतोय, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत तर आबांच्या वहीत वाईट काही निघालं नाही असंच तो समजणार.

म्हणून क्रम असा ठेवा. मुलाला थांबवलं की मग डॉक्टरांना फोन करा. एजंटाला नाही, डॉक्टरांनाच. "कधी ठोकली नाही" हे डॉक्टर बोलले की एजंटानं आपल्या पदरचं घातलं, हे तुम्हाला माहीत नाही. माझ्या अनुभवात असं वाक्य बहुतेक वेळा मधल्या माणसाचं असतं. डॉक्टरांना सांगा: "आबांच्या वहीत आंबा घाटाची नोंद आहे. घेणाऱ्या मुलानं मला थेट विचारलंय. गाडीचं काम काय झालं ते मी त्याला सांगणार आहे. कोण चालवत होतं, काय घडलं, ते मी सांगणार नाही, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण तुम्हीच त्याला सांगितलंत तर जास्त बरं." आणि त्यांना चार दिवस द्या. दीड हजारांचा विषय चुकूनही काढू नका. तो निघाला की तुमच्या खरेपणाला वसुलीचा वास येईल.

मला वाटतं ते ऐकतील. साठीला आलेल्या माणसाला हे ओझं उतरवायला एखादं निमित्त हवं असतं. नाही ऐकलं, रागावले, "वही आमची बदनामी करायला ठेवलीय का" म्हणाले, तरी सांगायचं ते सांगा. इथे मी तुम्हाला मधला रस्ता देणार नाही. त्यांची परवानगी मिळाली तर उत्तमच, पण त्या मुलाच्या सुरक्षिततेवर त्यांचा नकाराधिकार नाही.

मुलाला तोंडी सांगू नका, लिहून पाठवा, म्हणजे पुढे कुणी त्यात भर घालणार नाही. साधारण असं:

"आपण पाठवलेला चासी नंबर आमच्या वहीतल्या पेन्सिल छापेशी जुळतो. या गाडीच्या पुढच्या भागाचं मोठं काम आमच्याकडे नोव्हेंबर १९८३ मध्ये झालं. क्रॉसमेंबर आणि पुढची डावी बाजू दुसऱ्या गाडीची जोडलेली आहे. मार्च १९८८ मध्ये इंजिन बदललं, ते मुंबईच्या टॅक्सीचं होतं. २००४ नंतरचं आमच्याकडे काही नाही. गाडी उचलून पुढची जोड खालून तपासून घ्यावी."

बस्स. पुढे तो विचारेल, "अपघात कसा झाला? कोण होतं?" तेव्हा "ते गाडीचं नाही, घरचं आहे" म्हणा आणि गप्प बसा. तो बरा मुलगा असेल तर पुन्हा विचारणार नाही. फक्त पाठवण्याआधी नंबर दोनदा जुळवा, एकेक आकडा बोटानं. ३ आणि ८ पेन्सिल छापेत सारखे दिसतात. चुकीच्या गाडीवर खरी नोंद चिकटवली तर तो वेगळाच अन्याय होईल.

त्याला हेही सांगा की असल्या गाडीच्या पत्र्यावरून छोटं लोहचुंबक फिरवावं. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. दोन्ही दरवाजांच्या फटी वरखाली सारख्या आहेत का बघावं. पुढच्या सस्पेन्शनच्या बिंदूंपासून मागे तिरकं माप घ्यावं, डावीकडून उजवीकडे आणि उलट. दोन मापांत फरक निघाला तर सांगाडा वाकडा. हे सगळं बघून, भाव कमी करून, त्यानं ती गाडी घेतली तर मला आनंदच होईल. जोडलेली गाडी टाकाऊ नसते. मला स्वतःला विचाराल तर आबांनी जोडलेली फियाट, वेल्डिंग तपासून, पुन्हा मजबूत करून घेऊन, रविवारी सकाळी फिरवायला फार छान आहे. फक्त ती ओरखडा नसलेली गाडी म्हणून, त्या भावानं, विकली जाऊ नये.

एजंटाचा पुन्हा फोन आला तर एका वाक्यात नाही म्हणा. आणि दुसऱ्या बाजूनेही कुणाकडून पैसे घेऊ नका. पान मिटायला पाच हजार आणि उघडायला पाच हजार, दोन्ही एकच धंदा. झेरॉक्स-टपालाचा खर्च घेतलात तर कुणी नावं ठेवणार नाही.

एक मोह मात्र टाळा, कारण चांगल्या माणसांनाच तो होतो. त्याच गाडीची बाकीची पानं तुमच्याकडे असतील: किंगपिन नवे घातले, ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला, दर पावसाळ्याआधी ग्रीसिंग. कुणाचं मन दुखावू नये म्हणून तेवढीच गोड पानं द्यावीशी वाटतील. तसं करण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं. अर्धी पानं दिली की समोरच्याला वाटतं पूर्ण इतिहास मिळाला, आणि मग तो गाडी उचलूनही बघत नाही.

वह्या तुमच्याच आहेत, त्यात शंका नको. पण भाचा फोटो काढतोय ते जपून करायला सांगा. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यात, कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तर तीही येते. घरच्या आठवणीसाठी फोटो ठेवणं निराळं आणि बाहेर वाटणं निराळं. यापुढे एखाद्या गाडीच्या सध्याच्या मालकानं आरसी दाखवून स्वतःच्या गाडीबद्दल विचारलं, तर कामाची नोंद मोकळेपणानं द्या, आधीच्या मालकांची नावं-पत्ते झाकून. मालक नसलेल्यानं विचारलं तर आधी मालकाला विचारा. सांगाड्याचा किंवा ब्रेक-स्टिअरिंगचा प्रश्न असेल आणि कुणी विसार द्यायच्या बेतात असेल, तर आत्ता सांगितलं तसं करा.

झाकायचं म्हणजे मूळ पानावर खाडाखोड करायची नाही. झेरॉक्स काढा, माणसांच्या ओळींवर कागदाची पट्टी ठेवून. त्याआधी पेन्सिल छापेवर बटर पेपरचा तुकडा टाका. चाळीस वर्षांची ती छाप मशीनच्या काचेवर घासली तर पुसट होईल, आणि त्या गाडीचं तेवढंच एक चिन्ह आबांच्या हातचं राहिलंय.

डॉक्टरांना फोन दुपारी करा, ओपीडी संपल्यावर, म्हणजे त्यांना बोलायला वेळ असेल. काय झालं ते मला कळवा.